बरोवप

पहिल्या निबंधाचं पान परत आलं
तेव्हा त्यावर लाल काहीच नव्हतं.
पेन्सिलीनं एक गोल, 'निसर्गरम्य'भोवती,
आणि समासात बारीक अक्षरांत
'कुठलं झाड?'

गुण नाहीत, सहीसुद्धा नाही.
आरोलकर सर तोवर पुढच्या बाकावर पोचलेले.
मी पान घडी करून डब्याच्या पिशवीत कोंबलं.
घरी पोचेपर्यंत त्याला सुक्या बांगड्याचा वास.

शाळेत माझी वही बाई वर्गात फिरवायच्या.
'माझा गाव'ला तालुक्यात दुसरं बक्षीस, स्टीलचा तांब्या.
त्या गावातली माणसं भोळीभाबडी होती.
बाबांनी वाचलं, चष्मा काढला, म्हणाले,
भोळा कोण गो?
पास्कू? मिठाच्या मापात बोटं घालणारा?

आता सकाळी सव्वासातची कदंबा,
चोपड्याचा पूल, शिवोली, आसगावची टेकडी.
खिडकीतून मी झाडं बघते.
माड ओळखते. आंबा. काजू.
चौथ्या झाडाशी मराठी संपते.
कोंकणीही संपते तिथेच,
आणि बस थांबत नाही.

जोव्हिता माझ्या शेजारी बसते.
ती इंग्रजीत लिहिते, सुंगटं सोलावीत तशी, भराभर,
न बघता.
विचारते, घरी कोंकणी, मग वहीत मराठी कशाला?
मी म्हटलं, अक्षरं तीच आहेत.
हे उत्तर नव्हे हे तिलाही कळलं, मलाही.
तिनं चण्याची पुडी पुढे केली.

आमच्याकडे लिहिण्याला बरोवप म्हणतात.
लहानपणी मला वाटायचं,
बरोवप म्हणजे बरं करणं.
ताप चढला की आई पेडण्याला न्यायची,
डॉक्टर कागदावर काहीतरी बरयायचे,
आणि तिसऱ्या दिवशी मला बरं वाटायचं.
त्या अक्षराचा एक काना कुणाला लागत नसे,
तरी ताप उतरायचा.

दुसरा निबंध मी मिठागरावर लिहिला.
आगरवाड्याची पोर, आणखी कशावर लिहिणार?
पाणी उडून जातं, मीठ राहतं,
तसं माणसाच्या आयुष्यात…
पेन्सिलीचा गोल 'तसं'भोवती.
समासात: 'याच्या आधीच थांब.'
मला राग आला. खरंच आला.
त्या 'तसं'नंतरच्या तीन ओळी
मला तोंडपाठ होत्या.
अजून आहेत.

भाद्रपदात मिठागरं पाण्याखाली.
बाबा रात्री सुकतीला मानशीपाशी जाळं लावतात.
रविवारी मी टॉर्च धरायला गेले.
बांधावर एक झाड आहे,
ज्याच्या फांदीला आम्ही टॉवेल टांगतो,
जन्मापासून.
विचारलं, बाबा, हे कुठलं झाड?
ते जाळ्याची गाठ मारत होते.
भेंडीचें.
मग, मी गप्प बघून,
भाजयेची न्हय गो.

मग जरा वेळानं, कोणी न विचारता,
सकाळी फूल हळदीसारखं,
तिनसांजेला तांबडं, मग गळतं.
तुझा आजो होडी हिलाच बांधायचा.
बघ, दोराचो वळ.

टॉर्च फिरवला. वळ होता.
माझ्या खांद्याच्या उंचीला,
सालीत रुतलेला, बोट जाईल एवढा खोल,
आणि त्यात मुंग्या.
मी बोट घातलं. एक चावली.

घरी येऊन वही उघडली.
'भेंड' एवढं लिहिलं.
आई दारातून, कितें बरयता गो इतल्या रातीं?
म्हटलं, झाड.
ती म्हणाली, बरें, आणि लाईट चालूच ठेवून गेली.

वळाबद्दल लिहायचं होतं.
मुंग्यांबद्दलही.
'जणू' असं दोनदा लिहून दोनदा खोडलं.
बोट अजून चुरचुरत होतं,
पेन धरायच्याच हाताचं.